वहीतलं धुकं

आमच्या खाडीचं तोंड अरुंद आहे, दोन्हीकडे काळे खडक.
म्हणून दोन दिवे: एक धक्क्यावर, एक वर टेकडीवर.
समुद्रावरून येताना दोन्ही एकावर एक दिसले
की समजायचं, नाव सरळ वाटेत आहे.
एकच दिसला तर तो अंधारापेक्षा वाईट.
अंधारात माणूस निदान थांबतो.

फॅरो बेटांवरच्या या गावात अडतीस वर्षं मी दिवेवाला होतो.
नाव आयदुन. गुडघा अधू, अक्षर सुरेख.

त्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी,
खालचा दिवा लावला आणि वर गेलो नाही.
एकशे चाळीस पायऱ्या,
आणि नावघरात पत्ते वाटून झालेले.
रात्र घासलेल्या काचेसारखी. मनात म्हटलं,
एवढ्या चांदण्यात कोणाला लागतोय वरचा?

हॉग्नीची नाव पहाटे खडकाखाली सापडली.
हॉग्नी, आणि त्याचा सोळा वर्षांचा भाचा,
चार दिवसांनी.

मी वही उघडली. तारीख खरी लिहिली.
भरती खरी लिहिली. वारा खरा लिहिला: उत्तरेचा, कडक.
आणि पुढे एक शब्द: धुकं.

शाई वाळायला जेवढा वेळ लागला
तेवढाच वेळ तो खोटा होता.
मग मला ते धुकं आठवू लागलं.

पहिल्या वर्षी ते खाडीपुरतं होतं.
पुढे टेकडी चढलं, गवताच्या छपरांवर बसलं.
दहाव्या वर्षी त्याला वास आला, ओल्या लोकरीचा.
लोकांना सांगायचो, हाताची बोटं दिसत नव्हती हो,
आणि सांगताना हात पुढे करून
खरंच बोटं शोधायचो.
पहिल्या माणसाने बागेत पानं शिवली.
मी धुकं शिवलं. ते उसवत नाही.

प्रार्थना चुकवली असं नाही.
दर रविवारी, छताला टांगलेल्या लाकडी गलबताखाली,
सगळ्यांच्या आवाजात म्हणायचो: आम्ही पाप केलं आहे.
‘आम्ही’ हा फार ऐसपैस कोट.
अख्खं गाव मावतं त्यात,
आणि आतल्या खिशात लपलेला एक कोणाला दिसत नाही.
‘मी’ अंगाला घट्ट बसतो.
तो कधी घालूनच पाहिला नाही.

सव्वीस वर्षांनी माझी नात रान्वा
शाळेसाठी जुन्या वह्या चाळत बसली होती.
‘‘आजोबा, उत्तरेचा वारा कडक असला
तर धुकं राहतं का?’’

इथलं शेंबडं पोरही जाणतं,
उत्तरेचा वारा आभाळ झाडून काढतो.
ते दोन शब्द इतकी वर्षं शेजारी बसले होते,
आणि वही कपाटात, कपाटाला कुलूप नाही.

‘‘नाही राहत,’’ मी म्हटलं.

प्रभू, तुला नवीन काय सांगणार होतो?
त्या रात्री पायऱ्यांपाशी तू उभा असशीलच
कंदील घेऊन, माझी वाट बघत.
सांगायचं होतं ते मला,
आणि माझ्या दोन घरं पलीकडे
एका बाईला.

आर्मगार्ड बटाटे लावत होती. उठली नाही.
मी टोपी काढली. वाक्य तीनदा सुरू केलं.
दोनदा त्यात ‘आम्ही’ आला.
तिसऱ्यांदा म्हटलं: ‘‘धुकं नव्हतं. मी वर गेलो नाही.’’

तिने हातातला बटाटा मातीत दाबला.
‘‘ठाऊक आहे. दारात उभी होते मी.
वर तारे होते, खाली तुझा एक दिवा.
तू कधी येतोस, एवढंच बघत होते.’’
मग पुढची सरी उकरायला घेतली.

क्षमा केली का, विचारलं नाही.
मागायला गेलो होतो, आणि तोंडात शब्दच नव्हता;
खाली बसलो, अधू गुडघा पसरून,
आणि ती पुढे सरकवील ते बटाटे लावत राहिलो.

संध्याकाळी वही उघडली. खोडलं नाही.
त्या शब्दाखाली लिहिलं, आजची तारीख घालून:
आकाश स्वच्छ होतं.
अक्षर वाकडं आलं.