तिसरं गिऱ्हाईक

वेंगुर्ल्यात माझ्या सलूनला खुर्च्या दोन,
बाकड्याच्या टोकाला काचेची टाकी,
पश्चिमेच्या दाराकडे तोंड करून.

मे महिन्यात ती हिरवी झाली.
शेवाळ नव्हे, शेवाळ खरवडता येतं.
पाणीच हिरवं, अळवाच्या फदफद्यासारखं.
मधूनच एखादी केशरी शेपूट काचेला लागायची
आणि विझायची.

तोंडाला फेस लावलेली माणसं सल्ले द्यायची.
तुरटी फिरव, तुझ्याकडे आहेच.
तांब्याचा पैसा टाक.
"पानी बदल मरे," हे तर सगळेच.
बदललं. दर सोमवारी, सुट्टी मोडून,
विहिरीच्या बारा बादल्या.
गुरुवारी पुन्हा तेच.
दाढीसारखं, जितकी तासावी तितकी राठ.

मग इनास डिसोजा आला, कल्ले सारखे करायला.
कोळंबीच्या प्रकल्पावर बारा वर्षं काढलेला माणूस.
टाकी बघून हसला.
"ह्या पानी करूक आमकां पगार होतो!
घाण न्हय ती. पिल्लांचा जेवाण."
कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत
थोडं भरून घेतलं त्याने, बूच लावलं.
"आता उजेड बंद कर. खाणा बंद कर. पाच दिस."

केस कापतानाची काळी चादर घातली टाकीवर.
हाताच्या सवयीने मागे गाठ मारली.

"ह्यो कोण बसलो हा?"
"बसूंदे. घाई नाय त्येका."
आत पंप बुडबुडत होता.
रोज सकाळी हात खाण्याच्या डब्याकडे जायचा
आणि कंगवा उचलून परत यायचा.

सहाव्या दिवशी गाठ सोडली.
चादर दाराबाहेर झटकली, तीही सवयीने.
काहीच पडलं नाही.

पाणी असं, की समोरच्या आरशातही
टाकीचा तळ दिसत होता.
करडा गाळ. एक तांब्याचा पैसा,
मी न टाकलेला.
पाच मासे सोडले होते.
तीन.
बाकीचे दोन हिरव्यात गेले की काळ्यात,
ते सांगता येणार नाही.

संध्याकाळी इनासच्या घरी गेलो, दाभोलीला.
खिडकीत उन्हात बाटली, आधीपेक्षा गडद.
शेजारी मुलीच्या जुन्या टिफिनचा डबा,
त्यात तो चमच्याने हिरवं सोडत होता,
थेंब, थांबून, थेंब.
"बघ."
मला पाणीच दिसलं.
"वायच थांब."

मग दिसले.
नुसते डोळे, जोडीजोडीने.
अंग अजून आलं नव्हतं.