कान लावायचा नाही

महाराणी रोडवर पोरवालच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"आंटी, नातवासाठी पाहिजे का?"
म्हटलं, "नाही भिया, मलाच."
त्याने पेन ड्राइव्हएवढी डबी काउंटरवर ठेवली.
अडीच हजारांत सगळं आकाश, म्हणाला.
मी बावीसशेला घेतलं.

अँटेना घरीच केला.
पडद्याच्या दोन पितळी दांड्या,
ब्लाउजच्या टेपने मोजून सत्तावन्न सेंटिमीटर एकेक.
इंचांची सवय असलेल्या हाताला
टेप उलटी धरावी लागली.
मध्ये लोणच्याच्या बरणीचं झाकण,
केबलवाला सोडून गेलेली काळी वायर,
जोडावर एम-सील,
आणि गच्चीत टाकीच्या पाइपाला
परकराच्या नाडीने बांधून टाकला.
खंडेलवालांच्या सुनेला वाटलं
कपडे वाळत घालायची काहीतरी नवी सोय.

लॅपटॉपवर निळा धबधबा सुरू झाला.
वरून खाली ओघळतो, थांबत नाही.
मध्येच पिवळी रेघ उमटते,
म्हणजे कुणीतरी बोलतंय.
पहिले चार दिवस एकच जाड रेघ, नुसती घरघर,
मी समजले हाच विमानतळ.
खंडेलवालांचा इन्व्हर्टर निघाला.

स्क्वेल्च नावाची एक पट्टी असते.
डावीकडे ओढली
तर रात्रभर चुरमुरे भाजल्याचा आवाज.
उजवीकडे ओढली की शांत,
पण मग लांबचे, दमलेले आवाजही
दारातूनच परत जातात.
नेमकी कुठे ठेवायची
ते पोरवालच्या पोरालाही माहीत नव्हतं.

एकोणीस वर्षं मी ट्रंक बोर्डावर होते.
डोक्यावर हेडसेट, समोर दोऱ्यांचं जंगल,
खांडवा, रतलाम, भुसावळ,
साधा, अर्जंट, लाइटनिंग.
पहिल्याच दिवशी मिसेस इलियटनी सही घेतली:
जोडून द्यायचं, कान लावायचा नाही.
मध्ये शिरायचं ते फक्त
"तीन मिनिटं झाली" म्हणायला.
किती जणांचं रडणं मी अर्ध्यात तोडलं,
अगदी नम्रपणे,
पार्टी, प्लीज, म्हणून.

आता कानाचे डॉक्टर म्हणतात, बारीक आवाज गेले.
त्यांनी आलेख दाखवला,
डावीकडे पठार, उजवीकडे एकदम दरी.
दरीत पडलेल्यांची यादी मीच केली:
चिमण्या, कुकरची पहिली शिट्टी,
नातीचा फोनवरचा "स".
कागद घडी करून पर्समध्ये ठेवला,
भाजीच्या हिशेबाबरोबर.

पण इथे रेघ दिसते.
दिसली की मी आवाज वाढवते,
आणि ज्यांना माझा पत्ताही नाही
त्यांच्यासाठी खुर्चीत ताठ बसते.

पावणेअकराचं विमान
बिजासन टेकडीच्या अंगाने येतं.
टॉवरवर एक मुलगी असते,
आवाज जरा बसका,
आल्याच्या चहाची वेळ टळून गेल्यासारखा.
ती आकडा देते.
तो तोच आकडा परत म्हणतो.
ती तपासते, मग पुढचा.
आमच्याकडेही असंच होतं,
नंबर सांगा, नंबर परत सांगा.
संसारात एवढी खात्री
कुणी कुणाकडून करून घेत नाही.

परवा चाकं टेकल्यावर
तो तिला काहीतरी म्हणाला.
आकड्यांत न बसणारं, चार शब्द.
ती गप्प.
पडद्यावर कोरी निळी जागा
बोटभर खाली वाहत गेली.
शेजारच्या घरात कुणीतरी दिवा मालवला,
इन्व्हर्टरची रेघसुद्धा पुसट झाली.
मग तिने उत्तर दिलं.

काय, ते सांगणार नाही.
सही केलेली आहे.

एवढंच, की घड्याळ समोर होतं,
तीन मिनिटं कधीच उलटून गेली होती,
आणि मी मध्ये शिरले नाही.