एक पॉइंट आठ

शंकरनगरच्या टपरीवर पोह्यांवर तर्री पडते
आणि निखाडे उठून उभा राहतो.
हातातला चमचा म्हणजे बॉल,
कोपर कानापाशी:
"इथं होता बे. हातातच होता, बजर वाजला तवा."
हेडाऊ कांद्याची फोड प्लेटच्या कडेला ठेवतो,
कड म्हणजे साइडलाइन.
"तू कायले बोलून राहिला? तू तर बेंचवर होता."

एकोणीस वर्षं झाली.
निखाडेचे गुडघे गेले,
हेडाऊची पोरगी त्याच कोर्टावर ड्रिबल शिकते,
आणि दर रविवारी अजून
एकसष्ट-साठ.

ढेंगरे सरांना दोघंही चोर म्हणतात.
तेवढ्यापुरतं त्यांचं जमतं.
त्या रात्री कुणीतरी सरांच्या स्कूटरची हवा सोडली,
दोन्ही चाकांची,
आणि डिकीत ओला भुसा भरला.
सर सिव्हिल लाइन्सच्या चढावर स्कूटर ढकलत गेले,
गळ्यात शिटी तशीच.
मी मागे होते. हाक मारली नाही.

मला कुणी काही विचारत नाही.
मी टेबलावर होते.
स्टॅटिस्टिक्सची पोरगी, हिला आकडे कळतात, म्हणून बसवलेली,
एक वडापाव आणि दोन चहाच्या कुपनांवर.
टेबलाच्या एका पायाखाली विटेचा तुकडा.
घड्याळ कॉलेजचं, बटण जरा अडकणारं
(नाही, त्या दिवशी अडकलं नव्हतं),
आणि बटणावर माझा अंगठा.

नियम साधा आहे. बाहेरून फेकलेला बॉल
आतल्या कुणाला लागला की घड्याळ सुरू.
उरले होते एक पॉइंट आठ.
बॉल लागला
आणि काटोल रोडवाल्यांचा तो डावखुरा, लोणारे,
असा वळला,
माणूस असा वळू शकतो हे मला माहीतच नव्हतं.
जानेवारी होता, त्याच्या खांद्यांतून वाफ निघत होती,
फ्लडलाइटमध्ये ती वर चढताना दिसत होती,
मी ती वाफ बघत होते.

मग अंगठा आठवला.

किती उशीर? मी पुष्कळदा मोजलंय.
गॅसजवळ उभी राहून, बँकेत कॅश जुळत नसताना,
मोबाइलच्या घड्याळावर, डोळे मिटून.
कधी पॉइंट तीन येतं, कधी पॉइंट सात.
बॉल हातातून सुटायला लागतं तेवढंच,
थोडं कमी, थोडं जास्त.
हे दोघं बजरपासून मोजतात.
बजरच उशिरा वाजला, हे यांच्या प्लेटमध्ये कुठं ठेवू?

एकदा तोंडापर्यंत आलं होतं.
तेवढ्यात निखाडे म्हणाला, "सेटिंग होती सारी, लिहून घे,"
आणि इतका खूश दिसला म्हणताना
की मी जास्तीची तर्री मागितली.

डिसेंबरात सर भेटले, कॉटन मार्केटात.
कानात मशीन, हातात कापडी पिशवी.
मी तिथंच सगळं सांगून टाकलं,
संत्रेवाल्यासमोर, जरा मोठ्यानं, कारण मशीन.
अंगठा, वाफ, सगळं.
"कोणती मॅच?" सर म्हणाले.
"फायनल, सर. एकसष्ट-साठ."
"त्या वर्षी मी चौदा मॅच केल्या.
चौदाही ठिकाणी चोर होतो."
मग पिशवी पुढं केली.
"हे डझन मोज बरं. मला दोनदा अकराच भरले."

मी मोजली. बारा होती.
सरांनी माझ्याकडे पाहिलं, संत्रेवाल्याकडे पाहिलं,
आणि बोट वर केलं, तसंच, जसं तेव्हा करायचे.
"पुन्हा मोज."

मागे गिऱ्हाइकं ताटकळली होती.
मी एकेक बाहेर काढायला लागले.