पत्त्यासकट

सव्वीस वर्षं मी या बेटावर टपाल वाटलं.
उन्हाळ्यात सायकलवर, बर्फात पिवळ्या खटारा गाडीतून.
कुणाचं दार वाजवायचं, कुणाचं नुसतं ढकलायचं,
कुठे कुत्रं आधी येतं आणि माणूस मागून,
सगळं पायांना पाठ.

म्हणून आता माझ्याच दाराशी कुणी आलं
की मला कळत नाही कुठे उभं राहायचं.

गाठ डावीकडे होती. काढली.
मग औषधाच्या सहा फेऱ्या, मग पाच आठवडे किरणं.
हियुमाहून टालिन म्हणजे आधी धक्का,
मग सव्वा तास बोट, मग शंभर किलोमीटर रस्ता.
सोमवारी जायचं, शुक्रवारी परतायचं,
आणि रोज मशीनखाली जेमतेम चार मिनिटं.

गावाने विचारलं नाही असं नाही.
दुकानात, चर्चच्या पायरीवर, पेट्रोलपंपावर,
"काही लागलं तर सांग हं, विर्वे."
"सांगेन की," मी म्हणायचे.
घरी येऊन मोजायचे: आज चार.
चार पाकिटं, चांगल्या मनाची, तिकीट लावलेली,
आणि एकावरही पत्ता नाही.
असली पाकिटं आम्ही खालच्या खणात टाकायचो.

माइरे, इस्पितळातली समाजसेविका,
चष्मा केसांत खोवून फॉर्मवर फॉर्म भरत होती,
प्रवासखर्च, वसतिगृहातली खोली, विगचे पैसे.
मान वर न करता म्हणाली, "आणि घरी? लाकडं कोण फोडणार?"
मी म्हटलं, बघू.
"बघू हे माणसाचं नाव नाही,"
आणि रकाना रिकामा ठेवून पेन माझ्या हातात दिलं.

पेन पडलं. औषधाने बोटं बधिर झालेली.
ज्या बोटांनी अंधारात पाकिटाची जाडी ओळखली
त्यांना आता शर्टाचं बटण सापडत नव्हतं.

शुक्रवारी परतीच्या बोटीत मी चिठ्ठ्या लिहिल्या.
मुठीत पेन धरून, पहिलीतल्या पोरीसारख्या.
उर्मास, पडक्या कुंपणापलीकडे: सोमवारी पहाटे पाच, धक्क्यापर्यंत.
केर्टू, दुकान: शनिवारी संध्याकाळी, पायाची नखं.
नखं खोडली. परत लिहिली.

उर्मासशी मी अकरा वर्षं बोलत नव्हते.
त्याचं कुत्रं माझ्या पोटरीला चावलं होतं, आणि तो म्हणाला होता,
कुत्र्याला माणसं कळतात.
तरी त्याचंच नाव का?
गाडीचा हीटर चांगला,
आणि वाटेत बोलणार नाही ही खात्री.

चिठ्ठ्या मीच वाटल्या. पेटीत टाकल्या, दार वाजवलं नाही.

सोमवारी पावणेपाचला गाडी दाराशी.
सीटवर मेंढीचं कातडं, कातड्यावर कुत्र्याचे केस.
धक्क्यापर्यंत तो एकदाच बोलला,
"ते कुत्रं मेलं. हे त्याचं पोर."

केर्टू एकोणीसची. कोमट पाण्याचं टमरेल, मांडीवर टॉवेल,
टॉवेलवर माझा पाय.
नखं कापता कापता ती मित्राच्या तक्रारी सांगत राहिली,
माझ्या आजाराचं एक अक्षर नाही,
आणि कितीतरी दिवसांनी मी कुणाला सल्ला दिला.
चुकीचा असेल. पण दिला.

सगळे आले नाहीत.
सख्खी बहीण लाइने, तिने पेटीच उघडली नसेल
असं मी धरून चालते.
काही घरं अशी असतात, टपालवालीला ठाऊक असतं,
तिथे सायकल थांबवायची नाही.

ऑक्टोबरात लाकडं आली, बर्चची, फोडून.
उर्मास आणि शाळेतली तीन पोरं.
रास डावीकडे झुकली आहे, साली खाली, चुकीच्या बाजूला.
मी रचली असती तर
खिडकीतून बघते आणि हात शिवशिवतात,
जेवढे शिवशिवू शकतात तेवढे.

मार्चपर्यंत पुरतील, उर्मास म्हणतो.
मार्चच्या नऊला स्कॅन आहे.
मी म्हटलं, पोरांना सांगून ठेव,
आणखी एक गाडी लागेल,
एप्रिलातसुद्धा इथे थंडी असते.