अर्धा गुण

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज एक प्रश्न विचारा:
आजच्या तारखेला जगात काय घडलं.
चार पर्याय द्या. घाई करू नका.
मेंदूला गंज चढू नये म्हणून.

तर सकाळी नऊला, गोळ्या झाल्या की
साल्मियाच्या या चौथ्या मजल्यावर
मी आणि बू याकूब परीक्षेला बसतो.
ते आरामखुर्चीत, मी पलंगाच्या कडेवर,
मध्ये एसीची घरघर
आणि पडद्याच्या फटीतून भाजून पांढरा पडलेला समुद्र.

वीस जुलै, एकोणसत्तर.
अ, ब, क, ड.
पर्यायांकडे ते बघतच नाहीत.
म्हणतात, त्या दिवशी घरात फ्रीज आला,
पोरं रांगेनं बर्फ चाटत होती.
आणि चंद्र? मी विचारते.
चंद्राचं काय, तो होताच.

एकोणतीस मे, त्रेपन्न. एव्हरेस्ट.
त्या दिवशी मला गालगुंड.
मुंबईत, वडलांच्या मोत्यांच्या पेढीवरची खोली.
शेजारच्या बाईनं गरम लेप थापला.
तिचं नाव गेलं. तिचं बोलणं राहिलं:
'गप बस मेल्या!'
हे एवढं मराठीत, अनुनासिकासकट.
मी हातातला पेला खाली ठेवला.

एप्रिलच्या एक तारखेचं उत्तर त्यांना येईल
असं मला वाटलं होतं.
एकसष्ट साली इथला रुपया गेला, दिनार आला.
बू याकूबनी खिशात हात घातला,
मूठ बाहेर काढली, माझ्या तळव्यावर उघडली.
काही नव्हतं.
'मोज,' म्हणाले.
मी मोजले. दोनदा.
बरोबर आहेत, म्हटलं.

दोन ऑगस्टला मी प्रश्न काढलाच नाही.
त्यांच्या लेकीनं आधीच बजावलं होतं.
संध्याकाळी त्यांनीच विचारलं, आजचा कुठाय?
म्हटलं, आज सुट्टी.
खूप वेळ दाराकडे बघत राहिले.
मग जेवलेच नाहीत.

आणि आज सगळं उलटंच.
तू सांग, म्हणाले,
या तारखेला तुझ्या घरी काय झालं?
अकरा वर्षं झाली मला इथं.
भावाचं लग्न फोनवर पाहिलं,
चौथ्या मंगलाष्टकाला नेट गेलं.
होडी विकली ते चार दिवसांनी कळवलं,
कारण मी नाईटला होते.
कुठली तारीख सांगू?
आम्ही वेंगुर्ल्याचे गाबीत, म्हटलं,
आमच्यात तारखा नसतात, तिथी असतात.
अष्टमीला भांग, पुनवेला उधाण.
बाबा नाखवा होते.

'नोखदा?'
ते खुर्चीत सरळ झाले. हात थरथरले नाहीत.
त्यांचेही वडील नोखदा.
तोच शब्द, दोन किनाऱ्यांवर
खाऱ्या पाण्यानं वेगवेगळा झिजवलेला.
मग दुपारभर त्यांनी मला दोरांची नावं शिकवली,
मी त्यांना आमची.
औषधाला अर्धा तास उशीर झाला.
तो मी कुठेही लिहिला नाही.

रात्री साडेनऊला आईचा फोन:
'आमची तारीख बदलली गो.
तुमची अजून कालचीच मा?'
हो म्हटलं. झोप तू आता.

निजण्याआधी शेवटचा प्रश्न, फॉर्मवरचा:
आज तारीख कोणती?
बू याकूब डोळे मिटूनच सांगतात,
तीन ऑगस्ट, एकोणीसशे बावन्न.

दिवस बरोबर. महिना बरोबर.
सालाचं मी काय बोलणार,
ज्या घरी माझा आजचा दिवस मोजतात
तिथे तो कधीच संपलाय.

फॉर्मवर दोनच चौकोन: बरोबर, चूक.
अर्ध्याला जागा नाही.
मी मधल्या रेघेवर खूण करते,
थोडी बरोबरच्या बाजूला कललेली,
आणि दिवा मालवते.