डावा डोळा

रात्री दोन्ही दिवे मिटून लावलेली गाडी
सकाळी डावा डोळा उघडून बघत असते,
रेबेलो डॉक्टरांची तक्रार एवढीच.
कॅम्पातून उद्यमबागेला आणताना
तिसऱ्या गेटाच्या पुलावर चढाला उघडला,
उताराला मिटला.
मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न देऊन दाद दिली म्हणे.

या गाडीच्या दिव्यांना मोटर नाही.
इंजिन श्वास आत ओढतं,
त्यातलं थोडं उसनं घेऊन टाकीत साठवायचं.
साठवायचं म्हणजे काय,
तर काही नसणं.
ते नसणंच झाकणं खाली ओढून धरतं.
ते संपलं, की स्प्रिंग उचलते.

शेजारच्या पंक्चरवाल्या मल्लाप्पाला हे पटेना.
हवा गेली की चाक बसतंय,
हे उठतंय कसं?
हवा आत आली म्हणून, मी म्हटलं.
तो साबणाचा फेस घेऊन आला होता.
तसाच परत गेला.

आधी पडदे.
डाव्या डब्याची नळी काढून हातपंप लावला,
काटा वीसवर चढला
आणि चहा येऊन संपेपर्यंत वीसवरच.
तरी मी डब्यावरच संशय धरून
तीन दिवस तो खोलतोय, जोडतोय.
एकेरी झडप तोंडात धरून फुंकली,
इकडून वारा जातो,
तिकडून ओढली तर जिभेला चिकटते. ठीक.
पेट्रोलची चव दुपारच्या भाकरीपर्यंत राहिली.

चौथ्या दिवशी सहज उजवा हातानं उचलायला गेलो.
हलेना.
बिजागरी गंजून गच्च.
म्हणजे सुटत दोघांचंही होतं,
डावा तेवढा सांगत होता.

आता भोक शोधायचं, तर कान पाहिजे.
माझे फौंड्रीत गेले,
वीस वर्षं साचे फोडायच्या जाळीपाशी.
इंजिनची थरथर अंगठ्याला कळते,
पण सुस्कारा अंगठ्याला कळत नाही.

इराण्णा, बैलहोंगलचा, दाढीही न फुटलेला,
डॉक्टरांचा स्टेथोस्कोप मागून घेतला त्यानं,
खालची चकती काढली
आणि उघडी नळी धरून गाडीभर फिरला,
बंपर, चाकामागची टाकी, तपकिरी नळ्यांचा जुडगा.
डॉक्टर हात मागं बांधून उभे,
ऑपरेशन थिएटरबाहेर
पेशंटचा भाऊ उभा राहतो तसे.

डॅशबोर्डखाली उताणा झोपून त्यानं आवाज दिला,
"गाळी सोरतैत्री अण्णा, इल्ले."
त्याच्या भाषेत गाळी म्हणजे वारा.
मला ते गळणंच ऐकू आलं.
काम अडलं नाही.

स्विचच्या मागं बोटभर पारदर्शक तुकडा,
उन्हानं पिवळा, एका टोकाला चिरलेला.
सलाईनची नळी.
मी डॉक्टरांकडं बघितलं.
डॉक्टरांनी खिशातला चष्मा काढून पुसला.
"ते तात्पुरतं होतं."
"कधीचं?"
"दोन हजार नऊ."
इराण्णाला हसू आवरेना, तो पाना आणायला गेला.

काळी रबरी नळी घातली, क्लिप आवळली,
बिजागरीला रात्रभर डिझेल पाजलं.
इंजिन सुरू करून बंद केलं,
दोन्ही झाकणं एकदम खाली बसली,
उजवं जरा कण्हत.

त्या रात्री मी दुकानातच झोपलो.
दोनला उठून अंधारात बोट फिरवलं,
झाकण आणि बॉनेटच्या मधल्या फटीवर,
आधी डावीकडं,
मग उजवीकडं.
नख शिरत नव्हतं.

आठवड्यानं फोन.
"सकाळी उघडतायत."
"किती?"
"करंगळी जाईल एवढं."
"दोन्ही?"
"दोन्ही सारखेच."
मग बरोबर आहे की, म्हटलं, डॉक्टर.