छोटं छप्पर

टेगिद प्यूच्या फाटकाशी टपालगाडी थांबायची
ती सहीपुरती. पुढं थांबू लागली
शब्दापुरती.

मी लँकेशरची. बदली होऊन या पाटीच्या दगडाच्या डोंगरात आले
आणि पहिल्याच आठवड्यात त्याला म्हणून बसले,
"तुमचे केस गोठ्यात भिजतायत."
पेंढा म्हणायचं होतं.
ग्वाह्ल्ट म्हणजे केस, ग्वेह्ल्ट म्हणजे पेंढा,
मधला एक स्वर घसरला आणि म्हातारा
टोपी काढून तुळतुळीत टक्कल दाखवत
फाटकाला धरून हसत राहिला.

मग विजेच्या बिलाच्या पाठीवर
त्यानं अक्षरं काढून दिली.
हा ए. मानेवर घातलेला अंबाडा. केस.
हा ई. अर्धं उघडं तोंड, दातात काडी. पेंढा.
आणि हा वाय, दोन्ही हात वर, खाली शेपूट मोकळं,
ग्विह्ल्ट: रानटी.
"तू वळणावर गाडी घेतेस ना, तसा."

टान म्हणजे 'पर्यंत'. त्याच टानवर
छोटं छप्पर चढवलं की स्वर लांबतो, टाऽन,
आणि आत विस्तव पेटतो.
हे पटलं. विस्तवाला छप्पर हवंच.
पण मॉर म्हणजे 'इतका',
आणि छप्पर घातलं की मोऽर, समुद्र?
"समुद्राला कशाला छप्पर?" मी भांडले.
"पोर्थमाडोगला जा नोव्हेंबरात," तो म्हणाला,
"आभाळ कुठं टेकलंय ते बघून ये."

कोव्यो, आठवणं. यात एफ एकच.
कॉफी म्हणजे कॉफीच. यात एफ दोन.
"आठवायला एकटा माणूस पुरतो," एवढी खूण सांगून
तो आत गेला, बराच वेळ गेला,
आणि दोन कप घेऊन आला.
कान तुटलेला स्वतःला.

एकदा मीच विचारलं,
ख्वायर, ख्वाराय, ख्वारेल
यांचा माझ्या तोंडात नुसता काला होतो.
बहीण, खेळणं, खाण.
बिल उलटं केलं त्यानं. पेन्सिल टेकवली.
मग मान वर करून, गावामागं रचलेल्या
निळ्या चुऱ्याच्या ढिगांकडं पाहत राहिला.
"यांना खूण नाही माझ्याकडं," म्हणाला.
"मला कधी लागली नाही."
पेन्सिल कानामागं गेली.
त्या दिवशी मी पुढची तीन घरं चुकवली,
हॅवर्डांची पेन्शन रोलँडांच्या दारात.

शिकणं आणि शिकवणं, दोन्हीला यांच्याकडं
एकच शब्द आहे, डस्गी.
फाटकाच्या कुठल्या बाजूला कोण उभं आहे
हे त्यावरून कळत नाही.

ह्लाउ म्हणजे हात: सुरुवातीचे दोन एल
वर केलेले दोन हात.
ग्लाउ म्हणजे पाऊस: पुढचा जी
वळचणीला लोंबणारा थेंब.
ही माझी सगळ्यात पक्की खूण. झोपेतही चुकायची नाही.
आणि काल पुस्तकात वाचलं, की आधी
इवलासा 'ओ' आला, तर
पावसाचा जी गळून जातो,
हाताचा एक एल उतरतो,
आणि दोघांचं होतं लाउ.
तेच लाउ. ओळखायला काही शिल्लक नाही.

आज तावातावानं गेले फाटकाशी,
"आता यावर काय खूण देता?"
पाऊस तर होताच, इथं तो विचारून येत नाही.
टेगिदनं उत्तर दिलं नाही. ओसरीतून
हात बाहेर काढला सहीसाठी,
आणि तळव्यात पाणी साचू दिलं
थोडं, जितकं साचतं तितकं.
मग त्याच हातानं सही केली.

पावतीवर आता निळा ओघळ आहे.
कशानं फिस्कटली, म्हणून ऑफिसात विचारतील.
सांगीन: लाउ.